उहुद पर्वत

उहुद (जबल उहुद) हा सौदी अरेबियातील मदीना शहराच्या उत्तरेस असलेला पर्वत आहे. मदीनेतील मशीद-ए-नबवीपासून तो सुमारे पाच किलोमीटर अंतरावर आहे. हिजरी सन ३ मधील शव्वाल महिन्यात, म्हणजे मार्च ६२५ मध्ये, या पर्वताच्या पायथ्याशी मदीनेतील मुस्लिम आणि मक्केचे कुरैश यांच्यात लढाई झाली. तीत मुस्लिमांचा पराभव झाला, सुमारे सत्तर माणसे मारली गेली व स्वतः मुहम्मद पैगंबर जखमी झाले. ही लढाई ‘गझवा-ए-उहुद’ या नावाने ओळखली जाते.

इस्लामच्या आरंभीच्या इतिहासात तीन पर्वतांची नावे वारंवार येतात. मक्केजवळील जबल-अन-नूर पर्वतावरील हिरा गुहेत मुहम्मद पैगंबरांना पहिले दिव्य संदेश प्राप्त झाले, अशी श्रद्धा आहे. मक्केच्याच दक्षिणेकडील सौर पर्वतावरील गुहेत ६२२ मध्ये हिजरतीच्या वेळी ते व अबू बकर लपून राहिले होते. या दोन्ही पर्वतांचा संबंध एकट्यादुकट्या व्यक्तीच्या अनुभवाशी आहे. उहुदचे तसे नाही. येथे एका नवजात समाजाची सामूहिक परीक्षा झाली आणि त्या परीक्षेत तो समाज काही अंशी नापासही झाला. विजयाच्या जागांची स्मारके सर्वच समाज करतात. पराभवाची जागा इतक्या आस्थेने जपली गेल्याची उदाहरणे मात्र थोडी आहेत.

नाव

‘उहुद’ या शब्दाचा संबंध ‘एक’ या अर्थाच्या अरबी धातूशी जोडला जातो. आसपासच्या डोंगररांगांपासून हा पर्वत सुटा, एकटा उभा आहे म्हणून त्यास हे नाव पडले, असे जुने अरबी भाष्यकार सांगतात. मराठीत ‘उहुद’, ‘उहद’, ‘ओहद’ अशी वेगवेगळी लेखने आढळतात. या लेखात मूळ उच्चाराला जवळचे असलेले ‘उहुद’ हे रूप वापरले आहे.

भूगोल

पर्वत पूर्व-पश्चिम पसरलेला असून त्याची लांबी सुमारे सात किलोमीटर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,०७७ मीटर आहे. मदीना शहरच सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे पायथ्याशी उभ्या असणाऱ्यास तो फार उंच वाटत नाही. महाराष्ट्रातील कळसूबाई (१,६४६ मीटर) त्याहून बराच उंच आहे. उहुदचा खडक तांबूस रंगाचा असून त्यावर झाडझाडोरा जवळजवळ नाही. दक्षिणेकडच्या, म्हणजे शहराच्या बाजूच्या अंगास डोंगर आत वळून एक खोलगट जागा तयार झाली आहे व तेथून वर अरुंद घळी जातात. लढाईत या घळींना फार महत्त्व आले.

पर्वताच्या दक्षिणेस कनात नावाचे ओढ्याचे कोरडे पात्र असून त्याच्या काठी ऐनैन ही लहानशी टेकडी आहे. लढाईनंतर तिला जबल-अर-रुमात, म्हणजे तिरंदाजांची टेकडी, हे नाव मिळाले. शतकानुशतकांची झीज आणि यात्रेकरूंची वर्दळ यांमुळे ती आज मुळापेक्षा बरीच बुटकी झाली आहे. प्रथमच पाहणाऱ्यास ‘एवढ्याशा टेकडीने लढाईचा निकाल फिरवला?’ असा प्रश्न पडावा, इतकी ती साधी आहे.

मदीनेच्या पूर्वेस व पश्चिमेस ज्वालामुखीच्या लाव्हारसाची विस्तीर्ण मैदाने आहेत. अरबीत त्यांना ‘हर्रा’ म्हणतात. पूर्वेकडील हर्रत वाकिम आणि पश्चिमेकडील हर्रत अल-वबरा या दोन मैदानांच्या मध्ये शहर वसले आहे. येथील काळा पाषाण बेसाल्ट जातीचा आहे. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग ज्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे, त्याच जातीचा. फरक इतकाच की दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, त्याची माती होऊन तीत कापूस पिकू लागला. मदीनेजवळचा ज्वालामुखी मात्र अलीकडे, १२५६ मध्येही जागा झाला होता. त्यामुळे तेथील दगड अजून धारदार, खडबडीत आहे. त्यावरून घोडा दौडवता येत नाही, उंटाचे पाय फाटतात. शहराच्या दक्षिणेस त्या काळी खजुरीच्या दाट बागा व कुंपणे होती. म्हणून मक्का दक्षिणेस असूनही घोडदळासह येणाऱ्या सैन्यास शहराला वळसा घालून उत्तरेकडून, म्हणजे उहुदच्या मोकळ्या पायथ्याकडूनच, यावे लागे. लढाई उहुदशी का झाली, याचे उत्तर या भूरचनेत आहे.

पार्श्वभूमी

६२२ मध्ये मुहम्मद पैगंबर व त्यांचे अनुयायी मक्का सोडून मदीनेस आले. मक्केहून आलेल्यांना मुहाजिर व मदीनेतील त्यांच्या साहाय्यकर्त्यांना अन्सार म्हणतात. मार्च ६२४ मध्ये बद्र येथे मुस्लिमांच्या लहान सैन्याने कुरैशांचा पराभव केला. तीत कुरैशांचे सुमारे सत्तर लोक मारले गेले व त्यांत त्यांचे अनेक प्रमुख होते. मक्केतील जवळजवळ प्रत्येक प्रतिष्ठित घरात सुतक होते. त्याहून मोठी चिंता व्यापाराची होती. सीरियाकडे जाणारा तांड्यांचा मार्ग मदीनेजवळून जात असे आणि तो मार्ग बंद पडला तर मक्केचा निर्वाह चालणे कठीण होते. बद्रच्या वेळी सुखरूप परतलेल्या तांड्याचा नफा वाटून न घेता तो युद्धाच्या खर्चासाठी राखून ठेवण्यात आला. अबू सुफ्यान यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीन हजारांचे सैन्य निघाले. परंपरेनुसार त्यात सातशे चिलखतधारी व दोनशे घोडेस्वार होते. काही प्रमुखांच्या स्त्रियाही डफ वाजवीत, बद्रच्या मृतांची आठवण देत सैन्याबरोबर आल्या होत्या. अबू सुफ्यान यांची पत्नी हिंद बिन्त उत्बा हिचे वडील, काका व भाऊ बद्र येथे मारले गेले होते.

शेतातील पिके आणि सल्लामसलत

कुरैशांनी उहुदच्या पायथ्याशी तळ दिला आणि आपले उंट व घोडे तेथील उभ्या पिकांत सोडले. वाकिदी या इतिहासकाराने या गोष्टीची नोंद केली आहे. लढायांच्या वर्णनात अशा तपशिलाकडे वाचकाचे सहसा दुर्लक्ष होते. परंतु अन्सार हे मुख्यतः शेतकरी होते. हाताशी आलेले पीक डोळ्यांदेखत जनावरे तुडवीत आहेत आणि आपण भिंतीआड बसून पाहायचे, हे त्यांना असह्य झाले असल्यास नवल नाही. ज्याच्या शेतात कधी दुसऱ्याची गुरे शिरली आहेत, त्यास ते वेगळे सांगावे लागणार नाही.

काय करावे याविषयी पैगंबरांनी अनुयायांचा विचार घेतला. त्यांचे स्वतःचे मत शहरात राहूनच प्रतिकार करावा असे होते. मदीनेतील वजनदार पुढारी अब्दुल्लाह इब्न उबय्य याचेही मत तेच होते. घरे एकमेकांस लागून असल्याने गल्ल्या अडवून, छपरांवरून दगड मारून मोठे सैन्यही थोपवता आले असते. परंतु तरुणांचा, विशेषतः बद्रच्या लढाईस मुकलेल्यांचा, बाहेर पडून लढण्याचा आग्रह होता व बहुमत त्यांच्या बाजूस झुकले. पैगंबर घरात जाऊन चिलखत चढवून बाहेर आले, तेव्हा त्या तरुणांना आपण नको इतका आग्रह धरला असे वाटून त्यांनी निर्णय बदलण्याची विनंती केली. पण एकदा ठरलेला विचार आता फिरवणे योग्य नाही, असा पैगंबरांचा निर्णय झाला.

सुमारे एक हजार लोक निघाले. वाटेतील मुक्कामात सैन्याची पाहणी झाली व पंधरा वर्षांखालील मुलांना परत पाठवण्यात आले. पुढे हदीसचे मोठे निवेदक म्हणून प्रसिद्ध झालेले अब्दुल्लाह इब्न उमर हे त्या वेळी चौदा वर्षांचे होते; त्यांनाही परतावे लागले. राफे इब्न खदीज हा मुलगा उत्तम तिरंदाज असल्याने त्यास घेतले, तेव्हा समुरा इब्न जुंदुब या दुसऱ्या मुलाने आपण राफेला कुस्तीत पाडतो अशी तक्रार केली. कुस्ती लावण्यात आली, समुराने ती जिंकली आणि त्यालाही घेण्यात आले. पुढे अब्दुल्लाह इब्न उबय्य आपला सल्ला मानला गेला नाही या कारणावरून सुमारे तीनशे लोकांसह माघारी फिरला. आता सातशे उरले.

लढाई

पैगंबरांनी उहुद पाठीशी घेऊन सैन्य उभे केले. तोंड मदीनेकडे होते. कुरैशांचे सैन्य अशा रीतीने शहर आणि मुस्लिम सैन्य यांच्या मध्ये आले. पाठीमागून डोंगराचे रक्षण होते, पण डाव्या बाजूने ऐनैनच्या टेकडीजवळून घोडदळास मागे येता येण्याजोगी वाट होती. त्या टेकडीवर अब्दुल्लाह इब्न जुबैर यांच्या हाताखाली पन्नास तिरंदाज ठेवले गेले. आमचा जय होवो की पराजय, पुढचा निरोप येईपर्यंत जागा सोडू नका, असा त्यांना स्पष्ट हुकूम होता. कुरैशांच्या उजव्या बगलेचे घोडदळ खालिद इब्न वलीद यांच्याकडे व डाव्या बगलेचे इक्रिमा इब्न अबू जहल यांच्याकडे होते.

पहिल्या टप्प्यात मुस्लिमांची सरशी झाली. कुरैशांचे निशाण परंपरेने अब्द-अद-दार घराण्याकडे असे. त्या घराण्यातील माणसे एकामागून एक निशाण उचलत व पडत गेली. अली, हमजा आणि डोक्यास तांबडी पट्टी बांधून लढणारे अबू दुजाना यांच्या पराक्रमाची वर्णने सर्व जुन्या ग्रंथांत आहेत. खालिद यांच्या स्वारांनी टेकडीच्या बाजूने घुसण्याचा प्रयत्न केला, पण बाणांच्या माऱ्यापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. कुरैशांची फळी मोडली व त्यांचा तळ उघडा पडला.

टेकडीवरील तिरंदाजांना हे सर्व दिसत होते. खाली आपले सोबती शत्रूच्या तळातील सामान गोळा करीत आहेत, लढाई संपली आहे, मग येथे थांबण्याचे कारण काय, असा वाद त्यांच्यात सुरू झाला. अब्दुल्लाह इब्न जुबैर यांनी हुकुमाची आठवण करून दिली. बहुतेकांनी ती मानली नाही. इब्न जुबैर आणि मोजकी माणसे तेवढी टेकडीवर राहिली. खालिद यांना ही संधी ताबडतोब दिसली. त्यांनी घोडदळ वळवून टेकडीला वेढा दिला, उरलेल्या तिरंदाजांना ठार केले आणि मुस्लिम सैन्यावर पाठीमागून हल्ला चढवला. पळणारे कुरैश पायदळ हे पाहून परत फिरले. दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या सैन्यात गोंधळ माजला. हुझैफा यांचे वृद्ध वडील यमान हे या गर्दीत आपल्याच माणसांच्या तलवारीने मारले गेले.

पैगंबरांचे चुलते हमजा यांचा मृत्यू याच लढाईत झाला. जुबैर इब्न मुतइम याचा गुलाम वहशी हा भालाफेकीत तरबेज होता. हमजाला मारल्यास तुला मुक्त करीन, असे मालकाने त्याला सांगितले होते. वहशीने दडून नेम धरला. मुस्लिमांचे निशाण धरणारे मुसअब इब्न उमैर हेही पडले. मुसअब चेहऱ्यामोहऱ्याने पैगंबरांसारखे दिसत, त्यामुळे त्यांना मारणाऱ्याने आपण मुहम्मद यांनाच मारले अशी आरोळी ठोकली, असे सांगितले जाते. ही अफवा रणांगणभर पसरली. काहींनी हत्यारे टाकली, काही डोंगराकडे तर काही शहराकडे धावले.

पैगंबरांच्या भोवती अगदी थोडी माणसे उरली होती. दगडाच्या माऱ्याने त्यांचा एक दात तुटला, शिरस्त्राणाच्या कड्या गालात रुतल्या, चेहरा रक्ताने माखला. तलहा इब्न उबैदुल्लाह यांनी आपल्या हातावर वार झेलले व त्यांचा तो हात कायमचा निकामी झाला. साद इब्न अबी वक्कास बाण सोडत राहिले. सैनिकांना पाणी पाजण्यासाठी आलेल्या नुसैबा बिन्त काब (उम्मे उमारा) यांनी मसक खाली ठेवून तलवार उचलली. त्यांच्या खांद्यावर खोल जखम झाली. शिया परंपरेत या प्रसंगातील अली यांच्या धैर्यास व त्यांच्या झुल्फिकार तलवारीस विशेष स्थान आहे.

डोंगराचा आसरा

यानंतर उहुद पर्वत खऱ्या अर्थाने कामी आला. पैगंबर जिवंत असल्याचे कळताच विखुरलेले लोक त्यांच्याभोवती जमू लागले व सर्वजण हळूहळू वरच्या घळीकडे सरकले. त्या चढणीवर कुरैशांच्या घोड्यांचा उपयोग नव्हता आणि वर असलेल्यांना खालच्यांवर दगड टाकता येत होते. मोकळ्या मैदानात जे सैन्य कापले गेले असते, ते डोंगराने वाचवले. तेथे अली ढालीतून पाणी घेऊन आले व फातिमा यांनी पैगंबरांची जखम धुतली. रक्त थांबेना, तेव्हा चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेवर दाबण्यात आली. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे.

अबू सुफ्यान यांनी पायथ्याशी येऊन मुहम्मद, अबू बकर व उमर यांची नावे घेत ते जिवंत आहेत का, असे ओरडून विचारले. प्रथम कोणी उत्तर दिले नाही. ते सर्व मेले असे अबू सुफ्यान म्हणू लागताच उमर यांना राहवले नाही व त्यांनी वरून प्रत्युत्तर दिले. बद्रचा बदला पूर्ण झाला, असे जाहीर करून अबू सुफ्यान निघाले. मृतदेहांची विटंबना झाली आहे. तिचा हुकूम आपण दिला नव्हता, पण तिचे आपल्याला दुःखही नाही, असेही त्यांनी सांगितल्याचे परंपरा सांगते. हमजा यांच्या देहाची विटंबना हिंदने केल्याचे इब्न इसहाक यांच्या चरित्रग्रंथात आहे. ते दृश्य पाहून पैगंबरांच्या मनात तशाच सुडाचा विचार आला, परंतु नंतर त्यांनी मृतांची विटंबना करण्यास कायमची बंदी केली.

कुरैश मदीनेवर चालून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पैगंबरांनी आदल्या दिवशी लढलेल्या, म्हणजे बहुतांशी जखमी असलेल्या, लोकांनाच बरोबर घेऊन हमरा-अल-असद या ठिकाणापर्यंत कुरैशांचा पाठलाग केला व तेथे रात्री अनेक ठिकाणी जाळ पेटवून आपले बळ शाबूत असल्याचे दाखवले. कुरैश मक्केस परतले.

मृत आणि मागे राहिलेले

मृत मुस्लिमांची संख्या सुमारे सत्तर व कुरैशांची वीस-बावीसच्या आसपास सांगितली जाते. मुस्लिम मृतांपैकी मोठी संख्या अन्सारांची, म्हणजे ज्यांची पिके तुडवली गेली त्यांची, होती. पायाने अधू असल्यामुळे मुलांनी थांबवूनही रणांगणावर आलेले अम्र इब्न जमूह, आदल्याच दिवशी विवाह झालेले हंझला, यांच्या कथा आजही सांगितल्या जातात. मृतांमध्ये मुखैरीक नावाचे ज्यू विद्वानही होते. मदीनेच्या संरक्षणाचा करार आपल्यावर बंधनकारक आहे, असे सांगून ते शब्बाथच्या दिवशीही लढण्यास आले आणि आपण मेल्यास आपली मालमत्ता मुहम्मद यांना द्यावी, असे सांगून गेले. त्यांच्या सात बागा पैगंबरांनी लोकहितासाठी राखून ठेवल्या व इस्लामी परंपरेतील आरंभीच्या वक्फांमध्ये त्यांची गणना होते.

कपडा आणि श्रम दोन्ही अपुरे असल्याने एकेका कबरीत दोन-दोन, तीन-तीन देह ठेवले गेले. ज्यास कुराण अधिक पाठ असे, त्यास आधी उतरवले जाई. मुसअब इब्न उमैर हे मक्केतील श्रीमंत घरातील होते, पण त्यांना झाकण्यास असलेला कपडा इतका तोकडा होता की डोके झाकले तर पाय उघडे पडत. अखेर पायांवर गवत घालण्यात आले. जाबिर इब्न अब्दुल्लाह यांनी मात्र सहा महिन्यांनी आपल्या वडिलांचा देह सामाईक कबरीतून काढून स्वतंत्र पुरला.

सत्तर घरांतील कर्ते पुरुष गेल्याने लहानशा मदीनेत विधवा व पोरक्या मुलांचा प्रश्न एकाएकी उभा राहिला. अनाथांच्या मालमत्तेविषयी आणि विवाहाविषयी कुराणाच्या चौथ्या अध्यायात (अन-निसा) जे नियम आहेत, त्यांचा संबंध अनेक भाष्यकार या परिस्थितीशी जोडतात. साद इब्न रबी हे उहुद येथे मारले गेले. त्यांच्या भावाने सर्व मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा सादची विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली. त्यानंतर वारसाहक्काची आयत अवतरली व मुलींना दोन तृतीयांश, विधवेस एक अष्टमांश आणि भावास उरलेला भाग देण्यात आला, असे हदीस ग्रंथांत नमूद आहे. तलवारींच्या वर्णनात रमणारे ग्रंथ या विधवेची कथा एखाद्या ओळीत संपवतात. वस्तुतः उहुदचा सर्वांत दूरगामी परिणाम तिच्या तक्रारीतूनच झाला, असे म्हणावेसे वाटते.

कुराणातील चिकित्सा

कुराणाच्या तिसऱ्या अध्यायात (आल-इम्रान) आयत १२१ पासून पुढील सुमारे साठ आयती या लढाईशी संबंधित मानल्या जातात. त्यांत पराभवाचे खापर शत्रूच्या बळावर किंवा दैवावर फोडलेले नाही. तुमच्यात मतभेद झाले, काहींना ऐहिक लाभाचा मोह झाला व हुकूम मोडला गेला, असा स्पष्ट दोष दिला आहे (आयत १५२). त्याचबरोबर पळून गेलेल्यांना क्षमा केल्याचेही सांगितले आहे (आयत १५५).

यांतील दोन गोष्टी पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरल्या. बहुमताचा सल्ला मानून सैन्य बाहेर पडले होते आणि तो सल्ला अंगाशी आला होता. ‘यापुढे सल्ला घेऊ नका’ असा निष्कर्ष काढणे अगदी सोपे होते. आयत १५९ मध्ये नेमके उलट, या लोकांशी मवाळपणे वागावे आणि कामकाजात त्यांचा विचार घेत जावा, असे पैगंबरांना सांगितले आहे. इस्लामी राज्यविचारातील ‘शूरा’ या संकल्पनेच्या चर्चेत ही आयत नेहमी पुढे केली जाते. दुसरी गोष्ट आयत १४४ ची. मुहम्मद हे एक प्रेषितच आहेत, ते मरण पावले किंवा मारले गेले तर तुम्ही मागे फिरणार काय, असा प्रश्न तीत विचारला आहे. उहुदवरील अफवेच्या संदर्भातील ही आयत सात वर्षांनी, जून ६३२ मध्ये, पैगंबरांचे प्रत्यक्ष निधन झाले तेव्हा अबू बकर यांनी मशिदीत म्हणून दाखवली. निधनाची वार्ता मानण्यासच तयार नसलेले उमर ती ऐकून खाली बसले. आपण ती जणू प्रथमच ऐकत आहोत असे लोकांना वाटले, अशी नोंद आहे.

मूल्यमापन

लढाईची माहिती मुख्यतः इब्न इसहाक (मृत्यू सुमारे ७६७) यांचे इब्न हिशाम यांनी संपादित केलेले चरित्र, वाकिदी यांचा मोहिमांवरील ग्रंथ आणि बुखारी व मुस्लिम यांचे हदीससंग्रह यांतून मिळते. हे ग्रंथ घटनेनंतर शतक-दोन शतकांनी सिद्ध झाले. त्यामुळे आकडे, क्रम व संवाद यांत फरक आढळतात; लढाईचा दिवसही कोणी शव्वालची ७ तर कोणी १५ तारीख देतात. तिरंदाजांनी जागा सोडणे, पैगंबरांना झालेली जखम व हमजा यांचा मृत्यू या मुख्य गोष्टींबद्दल मात्र एकवाक्यता आहे.

मैदानावर कुरैश जिंकले. पण मुस्लिमांची सत्ता मोडून व्यापारमार्ग मोकळा करणे हा त्यांचा हेतू साध्य झाला नाही, असे स्कॉटिश अभ्यासक माँटगोमेरी वॅट यांनी ‘मुहम्मद ॲट मदीना’ (१९५६) या ग्रंथात दाखवून दिले आहे. त्यानंतर ६२७ मध्ये कुरैश पुन्हा मोठ्या सैन्यानिशी आले, तेव्हा मुस्लिम शहराबाहेर पडले नाहीत. त्यांनी उत्तरेच्या मोकळ्या बाजूस खंदक खणला. उहुदच्या वेळी जी बाजू उघडी होती, तीच ही.

विरोधी पक्षातील प्रमुखांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. टेकडीला वेढा देणाऱ्या खालिद यांनी ६२९ मध्ये इस्लाम स्वीकारला व ते सीरियाच्या मोहिमांचे नामांकित सेनापती झाले. ६३० मध्ये मक्का मुस्लिमांच्या हाती आल्यावर अबू सुफ्यान, हिंद, इक्रिमा हेही मुसलमान झाले. वहशीला क्षमा मिळाली, परंतु आपल्या दृष्टीसमोर येऊ नये, असे पैगंबरांनी त्यास सांगितले. अबू सुफ्यान व हिंद यांचा मुलगा मुआविया उमय्या राजघराण्याचा पहिला खलिफा झाला. उहुदच्या दोन्ही बाजूंच्या घरांतील माणसे अशा प्रकारे एकाच समाजाचे पूर्वज ठरली.

हदीस आणि लोकभाषेतील उहुद

ज्या डोंगराच्या पायथ्याशी इतके आप्त गमावले, त्याविषयी कटुता वाटणे स्वाभाविक होते. हदीसमध्ये मात्र उहुद आपल्यावर प्रेम करतो व आपण त्याच्यावर प्रेम करतो, या आशयाचे पैगंबरांचे उद्गार आहेत. प्रवासाहून परतताना पर्वत दृष्टीस पडला, तेव्हाचे ते आहेत. दुसऱ्या एका कथेनुसार पैगंबर, अबू बकर, उमर व उस्मान पर्वतावर असताना तो हादरू लागला, तेव्हा पैगंबरांनी त्यास स्थिर राहण्यास सांगितले. निधनापूर्वी काही काळ ते उहुदच्या मृतांसाठी प्रार्थना करण्यास गेले होते, असेही बुखारीत आहे.

मराठीत मोठेपणाचे माप म्हणून आपण मेरू किंवा हिमालय म्हणतो, तसे हदीसच्या भाषेत उहुद हे माप झाले आहे. मृताच्या अंत्ययात्रेत शेवटपर्यंत सहभागी होणाऱ्यास उहुदएवढे पुण्य मिळते. उहुदएवढे सोने दान केले तरी आरंभीच्या सोबत्यांच्या ओंजळभर दानाची बरोबरी होत नाही, या आशयाची वचने प्रसिद्ध आहेत.

भारतात उहुदचे नाव दुसऱ्याही वाटेने पोहोचले. अमीर हमजाच्या साहसांची फार्सी दास्तान उत्तर हिंदुस्थानात व दख्खनमध्ये लोकप्रिय होती. अकबराने सोळाव्या शतकात तिची सुमारे १,४०० चित्रांची भव्य प्रत करवून घेतली. ती ‘हमजानामा’ म्हणून चित्रकलेच्या इतिहासात विख्यात आहे. या दास्तानमधील राक्षस, पऱ्या व जादूगार यांचा ऐतिहासिक हमजांशी संबंध नाही, परंतु तिचा शेवट उहुदच्या रणांगणावरच होतो. विदर्भातील शाळांच्या हजेरीपटावर हमजा, तलहा, खालिद, मुसअब ही नावे शेजारीशेजारी आढळतात. त्यांपैकी खालिद त्या दिवशी समोरच्या बाजूस होते, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते.

सद्यःस्थिती

मदीनेस जाणारे हज व उमरा यात्रेकरू सामान्यतः उहुदच्या मृतांच्या दफनभूमीस भेट देतात. हा हजचा विधी नाही, ऐच्छिक झियारत आहे. मुंबई लष्करातील अधिकारी रिचर्ड बर्टन यांनी १८५३ मध्ये वेषांतर करून मदीनेस जाऊन हमजा यांच्या कबरीचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या वेळी तेथे घुमटाची वास्तू होती. १९२५ मध्ये मदीना सौदी राजवटीकडे गेल्यानंतर कबरींवरील वास्तू पाडण्यात आल्या. आता दफनभूमीस साधी भिंत व जाळी असून आत मातीत दगडांनी आखलेल्या कबरींखेरीज काही नाही. शेजारी सय्यिद-अश-शुहदा नावाची मोठी मशीद आहे. यात्रेकरू तिरंदाजांच्या टेकडीवर चढतात व तेथून समोर उहुदची तांबूस भिंत आणि मागे शहर पाहतात. मदीनेची वस्ती वाढत आता पर्वताच्या पायथ्याला भिडली आहे.

मदीनेच्या पवित्र क्षेत्राची (हरम) हद्द दक्षिणेस ऐर पर्वतापासून उत्तरेस सौर नावाच्या टेकडीपर्यंत सांगितली जाते. ही सौर टेकडी उहुदच्या मागे असून मक्केजवळील सौर पर्वताहून वेगळी आहे. त्यामुळे संपूर्ण उहुद पर्वत हरमच्या हद्दीत येतो व तेथे शिकार करण्यास आणि झाडे तोडण्यास मनाई आहे.